आठलेबाबूंचा तर्जुमा

परवा झाशीच्या बड़ा बाजारात मी होती नव्हती ती अब्रू घालवून बसलो. भाचीच्या लग्नाचा आहेर घ्यायचा होता. साडीच्या दुकानात दुकानदार एकामागून एक घड्या उलगडत होता आणि प्रत्येक घडीला आमच्या सौ.चा चेहरा उजळत होता. हे धोक्याचं होतं. म्हणून मी आमच्या वंशपरंपरागत धोरणाने, तोंडावर सभ्य हसू ठेवून, मराठीत म्हणालो, "इतकी खूश दिसू नकोस. हा लबाड तोंड बघून भाव सांगतो. आणि डोक्यावरचं बघितलंस का? टोप आहे टोप."

दुकानदाराने घडी खाली ठेवली, डोकं माझ्यापुढे वाकवलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "ओढून बघा, साहेब. घरचेच आहेत."

त्याचं लहानपण आमच्याच एका मराठी कुटुंबाच्या भिंतीला भिंत लावून गेलं होतं, हे त्याने नंतर चहा पाजताना सांगितलं. सौ.ने माझ्या वतीने प्रायश्चित्त म्हणून अजिबात घासाघीस न करता दोन साड्या घेतल्या. एक भाचीला, एक स्वतःला.

झाशीतल्या आम्हा मराठी माणसांचा हा जुना रोग आहे. आमचे पूर्वज इकडे कुणी तलवार घेऊन आले, कुणी लेखणी घेऊन, कुणी पळीपंचपात्र घेऊन. तलवारी गंजल्या, लेखण्यांच्या नोकऱ्या झाल्या, आणि भाषा घरातल्या घरात राहिली. उंबऱ्याबाहेर सगळं हिंदी आणि बुंदेली. त्यामुळे आम्हाला वाटतं, मराठी म्हणजे खिशातला पडदा. चार माणसांत काढावा, टांगावा आणि त्यामागे बसून हवं ते बोलावं. आमची मुलं हल्ली मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर देतात, तरी पडद्यावरचा आमचा विश्वास ढळत नाही.

ह्या पडद्याला भोकं आहेत हे मला एका माणसाने फार पूर्वी दाखवून दिलं होतं, आणि तरी मी दुकानात शहाणपणा केलाच. तेव्हापासून तो माणूस डोक्यात येरझारा घालतो आहे. बसत नाही, जात नाही. तो होताच तसा. लिहून टाकलं तर निदान मला तरी बसता येईल. माणसांची नावं बदलली आहेत आणि स्टेशनांची नावं लिहितच नाही, कारण ह्यातले काही जण अजून पेन्शन घेतात आणि दुर्दैवाने वाचतातही.

विष्णू आठले हे आमच्या लाइनवरच्या एका लहान स्टेशनवर असिस्टंट स्टेशन मास्तर होते. त्यांच्या पुढच्या स्टेशनवर राजाराम आणि त्याच्याही पुढच्या स्टेशनवर मी, नवा, शिट्टीसुद्धा नीट वाजवता न येणारा. कोळशाच्या इंजिनांचे ते शेवटचे दिवस. सगळी लाइन त्यांना आठलेबाबू म्हणायची. मी दादा म्हणायचो.

अंगाने काडी, कान मोठे, आणि बूड टेकायला मुळीच तयार नाही. त्यांच्या ऑफिसातली खुर्ची इतकी कोरी होती की तपासणीला आलेल्या साहेबांना वाटलं, कालच मिळाली. ते जेवायचे उभ्याने, पेपर वाचायचे फेऱ्या मारत. टेलिफोनवर बोलताना वायर पुरेल तितकं चालायचे, मग दाव्याला हिसका बसलेल्या वासरासारखे परत फिरायचे. त्यांच्या फोनची वायर बदलायला येणारा माणूस म्हणायचा, "बाबूजी, इसको पहिये लगवा लो." हात रिकामे राहिले की ते दुसऱ्याच्या वस्तू दुरुस्त करायचे. माझ्या घरच्या घड्याळाला त्यांनी एकदा बोलता बोलता अशी किल्ली दिली की ते कायमचं थांबलं. "आता दिवसातून दोनदा तरी बरोबर दाखवेल. आधी तेवढंही नव्हतं," म्हणाले आणि पुढे चालू लागले.

पालीला मात्र भयंकर भ्यायचे. ऑफिसात पाल निघाली की हे प्लॅटफॉर्मवर, आणि रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समनला बाहेरून हुकूम: "रामदीन, उनसे कहो, पिछले दरवाज़े से तशरीफ़ ले जाएँ."

असा माणूस बंदुकीला भ्यायचा नाही, हे मी स्वतः पाहिलं म्हणून सांगतो. एकदा त्यांच्या स्टेशनवर मी पॅसेंजरची वाट पाहत होतो. गाडी आली, आणि तिच्याबरोबर ऑफिसच्या दारात एक भरघोस मिश्यांचा गृहस्थ आला. खांद्याला बंदूक, मागे चार जण. म्हणाला, सासुरवाडीची मंडळी बैलगाडीतून येताहेत, ती पोचेपर्यंत गाडी हलता कामा नये.

मी भिंतीला चिकटलो. आठलेबाबू हसले. "क्यों नहीं भैया, जरूर रुकेगी. शुभ नाम?"

त्याने नाव सांगितलं. ते सांगताना छाती पुढे आली. आठलेबाबूंनी त्याला मोठ्या मानाने हाताला धरून प्लॅटफॉर्मच्या मध्यावर आणलं, टाळ्या वाजवल्या आणि खड्या आवाजात सांगितलं, "भाइयो और बहनो! गाड़ी श्रीमान बलभद्र सिंह जी के हुक्म से रुकी है. कब चलेगी, यह भी वही बताएँगे. ये खड़े हैं." आणि आत निघून आले.

मग जे झालं ते मी खिडकीतून पाहिलं. आधी एका वऱ्हाडातले म्हातारे उतरले आणि मुहूर्त किती वाजता आहे ते त्याला समजावू लागले. मग बबीन्याच्या लष्करी छावणीला जाणारे काही जवान उतरले आणि त्याच्या बंदुकीची आपुलकीने चौकशी करू लागले. शेवटी डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी त्याच्या पुढ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "काय लल्ला, गाड़ी तुमाई आय?"

गाडी तुमचीच का, हा प्रश्न तिने खरोखरच माहितीसाठी विचारला होता. पण प्लॅटफॉर्म हसला. बलभद्र सिंहांनी मिशी पुसली आणि म्हणाले, "जान दो, जान दो." गाडी गेली.

"दादागिरीला दोनच जागा मानवतात," नंतर आठलेबाबू फेऱ्या मारत मला सांगत होते. "एक, जिथे कुणी बघत नाही. दुसरी, जिथे सगळे बघतात आणि कुणी बोलत नाही. तिसऱ्या जागी ती गुदमरते."

पण ते प्रत्येक ठिकाणी असं करायचे म्हणाल तर नाही. बड़ा बाजारात सकाळी जलेबीच्या रांगेत एका धटिंगणाने त्यांना खांद्याने असं ढकललं की हातातला दह्याचा कुल्हड नालीत गेला. मी बाह्या सरसावल्या. (मी बाह्या सरसावल्या की त्या सरसावण्यातच पुष्कळ वेळ जातो, तेवढ्यात कुणीतरी मला आवरतं. हा माझा ठरलेला पराक्रम आहे.) आठलेबाबूंनी मला ओढत रांगेच्या शेवटी नेलं.

"दादा, असं कसं सोडलंत त्याला?"

"वास नाही आला? सकाळी सकाळी पिऊन आलाय. मी जिंकलो तरी उद्या त्याला आठवणार नाही. मग जिंकलो हे सांगणार कुणाला, तुला?"

त्यांचं एक वाक्य सगळ्या लाइनला पाठ होतं. एका स्टेशनावरून पुढे गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनची परवानगी लागते. तिला आम्ही लाइन क्लिअर म्हणतो. आठलेबाबू म्हणायचे, "भांडणालाही लाइन क्लिअर लागतं. पुढे मोकळं आहे का, कुणी घ्यायला उभं आहे का, बघून सोडावं. नाहीतर आपलीच गाडी आपल्यावर."

आता गोरेसाहेबांकडे यायला हवं. टाळत होतो.

ज्यांना रेल्वेची माहिती नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. झाशीत बसून एक कंट्रोलर आमच्या सगळ्या लाइनच्या गाड्या चालवायचा. त्याची आणि आमची बोलणी एकाच तारेवर. म्हणजे एका स्टेशनाने फोन उचलला की बाकी सगळ्यांना, कानाला लावला असेल तर, सगळं ऐकू यायचं. बोलायचं असेल तर आधी आपल्या स्टेशनचं नाव सांगायचं. गावातल्या पारासारखंच ते, फक्त पार चाळीस कोस लांब.

त्या तारेच्या टोकाला चिंतामण गोरे बसायचे. आमच्यातलेच, झाशीचेच. आपला माणूस कंट्रोलमध्ये, ह्याचा आमच्या मराठी मंडळींना कोण अभिमान! गणपतीत पहिली आरती त्यांच्या हातून. आणि हे आपले गोरेसाहेब तारेवर बसले की माणसांची साल काढायचे. कुणाच्या गावावरून, कुणाच्या शिक्षणावरून. हिंदीत जेवढं बोलायचं तेवढं बोलून झालं की मराठी स्टेशनवाल्यांसाठी खास मराठीत. तो त्यांचा खासगी विभाग. पडदा टांगून.

सगळ्यात जास्त सोसायचा तो राजाराम. चांगला कामाचा माणूस, तीन मुलांचा बाप, पण बोलताना शब्द अडकायचा. आकडा सांगायचा असला की अडखळायचा, आणि आमच्या कामात दिवसभर आकडेच सांगायचे असतात. गोरेसाहेब त्याची हुबेहूब नक्कल करायचे. "प... प... पाँच? या प... प... पचास?" तारेवर कुठेतरी फिसकन हसू यायचं. पुढे पुढे घंटी वाजली की राजारामचा हात फोनकडे जायला वेळ लावू लागला. स्टेशन मास्तरचा हात फोनकडे जायला कचरतो, ही हसण्यासारखी गोष्ट नव्हे. त्या हातावर गाड्या चालतात.

मी आठलेबाबूंना म्हणालो, "दादा, तुम्ही वडील आहात. काहीतरी बोला."

ते चालत होते. चालता चालताच म्हणाले, "माझी झाशी अडकली आहे रे."

ही झाशी म्हणजे बदली. वहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची नजर दिवसेंदिवस कमी होत होती. त्या झाशीत, बड़ा बाजारामागच्या गल्लीत, थोरल्या दिरांच्या घरी. हे लाइनवर. डॉक्टर झाशीत, बायको झाशीत, आणि नवरा हिरवा झेंडा घेऊन जंगलात. झाशी स्टेशनवर बदली मिळावी म्हणून त्यांनी अर्जांवर अर्ज केले होते. बदल्या काही गोरेसाहेब करत नसत, पण बदल्या करणाऱ्या साहेबांच्या बंगल्यावर त्यांची उठबस होती. एकदा आठलेबाबू गोरेसाहेबांच्या घरी जाऊन आले. तिथे काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही. दोन दिवस फक्त नेहमीपेक्षा जोरात चालत होते.

त्या गल्लीतल्या घरी मी एकदा शिंगाड्यांची पिशवी पोचवायला गेलो होतो. आठलेबाबूही सुट्टीवर आले होते. वहिनींच्या थोरल्या जाऊबाई, त्यांना सगळे माई म्हणायचे, दारातच बसल्या होत्या. वहिनी आत फडताळात कप चाचपत होत्या. एक कप पडला.

"बघा," माई मला म्हणाल्या, म्हणजे तिसऱ्याच कुणाला तरी ऐकू जावं अशा आवाजात, "दिसत नाही तर हात कशाला घालायचा? पण नाही. पाहुण्यांसमोर मिरवायचं असतं ना. दोन कप राहिलेत सहातले. डोळे गेले, हात गेले, जीभ तेवढी शाबूत आहे."

वहिनी ज्या जागी होत्या तिथेच उभ्या राहिल्या. आणि बंदूकवाल्याला नाव विचारणारा हा माणूस खाली वाकून कपाचे तुकडे वेचत बसला. होय, बसला. मी त्यांना बसलेलं पाहिलं ते त्या दिवशी.

बाहेर पडल्यावर माझं तोंड बघून म्हणाले, "घरातल्या भांडणाला लाइन क्लिअर कुणाकडे मागायचं, मधू? पुढचं स्टेशनही आपलंच, मागचंही आपलंच." आणि मग, "एकदा झाशी मिळू दे. मग मी तिथेच असेन. मग बघू."

सगळं त्या 'मग'वर टांगलेलं होतं.

तो दिवस मे महिन्यातला. गरम वाऱ्याची लू अशी सुटली होती की रुळांच्या वरची हवा हलताना दिसत होती आणि प्लॅटफॉर्मवरची कुत्री पाण्याच्या टाकीखालून निघायला तयार नव्हती. दुपारी गोरेसाहेबांचा हिशेब चुकला. त्यांनी एक मालगाडी मेलच्या पुढे काढली, मालगाडीच्या इंजिनाची वाफ चढावर बसली, आणि मेल तिच्यामागे राजारामच्या स्टेशनवर तापत उभी राहिली. चुकीला कुणाचं तरी नाव द्यायला हवं होतं. मालगाडी एकदाची निघाली, मागून मेलही निघाली, आणि गोरेसाहेबांनी राजारामला तारेवर घेतलं. (गाडी मागणं म्हणजे पुढच्या स्टेशनकडे तिच्यासाठी लाइन क्लिअर मागणं.)

"बोलो, तुमने गाड़ी देर से माँगी. हाँ कहो, और लिखकर भेजो."

"स... साहब, मैं... मैंने तो..."

"मैं-मैं-मैं-मैं! बकरी हो क्या? हाँ कहने में भी हकलाओगे?"

तारेवर हसू आलं. मग राजारामचा श्वास ऐकू येत राहिला, फक्त श्वास. तो 'हाँ' म्हणायच्या बेतात आहे हे सगळ्यांना कळत होतं. तेवढाच शब्द असा की तो न अडखळता बोलू शकला असता.

मेल माझ्या स्टेशनवरून धडधडत गेली. मी ती गेल्याचं तारेवर सांगितलं. आणि लगेच आठलेबाबूंच्या स्टेशनचं नाव आलं. ते मेल सुखरूप निघून जाईपर्यंत थांबले होते, हे मला नंतर कळलं.

"साहब, उनको बात पूरी कर लेने दीजिए."

गोरेसाहेब मराठीत आले. आवाज गोड.

"आठल्या, जीभ फार लांब झाली का? झाशी हवी आहे ना तुला?"

आणि आठलेबाबू हिंदीत म्हणाले, "सब भाई ध्यान दें. साहब मराठी में फ़रमा रहे हैं, मैं तर्जुमा कर देता हूँ. साहब पूछ रहे हैं, आठले, तेरी ज़बान लंबी हो गई क्या? झाँसी चाहिए न तुझे?"

माझ्या हातातला पेला टेबलावर लवंडला.

"हा काय चावटपणा लावलायस?"

"साहब पूछ रहे हैं, यह क्या चावटपणा है. इसका हिंदी मुझे नहीं आता, बदतमीज़ी समझ लीजिए."

"मूर्खा, बंद कर!"

"मूर्ख कह रहे हैं. बंद करने को कह रहे हैं."

आता कुणीतरी हसलं, पण हे हसू वेगळ्या बाजूने आलं होतं. गोरेसाहेबांना ते ऐकू गेलं असावं. कारण पुढचं वाक्य त्यांनी गोडवा सोडून, दातांतून टाकलं.

"बायको आंधळी होतेय म्हणून माझ्या दारात रडत उभा होतास, विसरलास? ह्या तोतऱ्यापायी तिला वाऱ्यावर सोडणार? जन्मभर जंगलात कुजवीन तुला."

तारेवर वाऱ्याचा आवाज येत होता. कुठल्या तरी स्टेशनची खिडकी आपटत होती. मला वाटलं, संपलं. ह्याचा तर्जुमा होणार नाही. वहिनींच्या डोळ्यांची गोष्ट त्यांनी लाइनवर माझ्याशिवाय कुणाला सांगितली नव्हती, आणि रडल्याची तर मलाही नाही.

मग त्यांचा आवाज आला. खाली उतरलेला, सावकाश. वायर ताणल्याचा, पाय घासल्याचा नेहमीचा आवाज नव्हता. ते उभे होते.

"साहब कह रहे हैं कि मेरी घरवाली की आँखें जा रही हैं. यह सच है. साहब कह रहे हैं कि मैं उनके दरवाज़े पर रोया था. यह भी सच है. साहब कह रहे हैं कि इस हकले की तरफ़दारी की, तो ज़िंदगी भर जंगल में सड़ा देंगे." मग म्हणाले, "साहब, तर्जुमे में कुछ छूट गया हो तो बता दीजिए."

"लाइन छोड़ो! सब लोग लाइन छोड़ो!"

"यह तो हिंदी में था," आठलेबाबू म्हणाले. "यह सब समझ गए."

कुणी लाइन सोडली नाही. आधी अगदी टोकाच्या स्टेशनाचं नाव आलं. एक घोगरा आवाज, निवृत्तीला आलेले बडे बाबू. नुसतं स्टेशनचं नाव, आणि, "सुन रहे हैं." मग त्याच्या अलीकडचं. "सुन रहे हैं." मग आणखी एक. माझी पाळी आली तेव्हा मी छाती भरून घेतली आणि माझा आवाज असा चिरकला की पलीकडच्याला वाटलं मास्तरच्या घरची मंडळी बोलताहेत. पण माझ्याही स्टेशनचं नाव गेलं.

मग आठलेबाबू म्हणाले, "हाँ राजाराम भाई. आराम से."

राजारामने आपलं वाक्य पूर्ण केलं. फार वेळ लागला. "ग... गाड़ी मैंने ट... टाइम पर माँगी थी. रो... रोकी आपने." त्या सगळ्या वेळात, त्या सबंध लाइनवर, कुणी खोकलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी आठलेबाबू मालगाडीच्या गार्डच्या डब्यातून माझ्याकडे आले. हात पुढे केले.

"कालपासून असे आहेत. चहाचा कप धरवत नाही."

"मग बोललात कशाला, दादा? आपल्याबद्दल कुणी बोललं तर सोसावं, असं तुम्हीच म्हणायचात."

"माझ्याबद्दल बोलले तेव्हा सोसलंच की. आपल्यावरचं सोसायचं की नाही, ते आपण ठरवावं." ते दारापर्यंत गेले, परत आले. "पण दुसऱ्यावरचं आपण सोसतो म्हणजे काय करतो रे? सोसतो तर तो. आपण फक्त ऐकतो."

गोरेसाहेबांचं फारसं काही बिघडलं नाही. गोष्टीत बिघडतं तसं खऱ्यात बिघडत नाही. थोडे दिवस रजेवर गेले, मग दुसऱ्या लाइनच्या तारेवर बसले. जाईपर्यंत आमच्याशी मात्र काढा प्यायल्यासारखे बोलायचे, आणि मराठी त्यांनी तारेवर पुन्हा काढली नाही. राजारामला लिहून द्यावं लागलं नाही. तो अडखळायचा तसाच अडखळायचा, पण पहिल्या घंटीला फोन उचलायचा.

आमची मंडळी मात्र खवळली. गणपतीच्या बैठकीत आठलेबाबूंना उभं केलं. "घरातलं भांडण चव्हाट्यावर आणलंत! आपला एक माणूस वर बसला होता, तर त्याचं नाव परक्यांत घालवलंत. बोलायचं होतं तर आपल्यात बोलायचं."

"मी वेगळं काही बोललोच नाही," आठलेबाबू म्हणाले. "तेच हिंदीत सांगितलं." आणि प्रसाद न घेता निघाले, कारण प्रसादासाठी पंगतीत बसावं लागतं.

झाशी मिळाली नाही. उलट बदलीचा हुकूम आला तो अशा स्टेशनचा, जिथे पळसाची झाडं, दगड आणि एक विहीर. जाण्यापूर्वी ते गल्लीतल्या घरी गेले आणि वहिनींची ट्रंक उचलून आणली. आता त्या घरी आठवड्याचीही फेरी जमणार नव्हती, मग तिला ठेवून करायचं काय, असं त्यांचं म्हणणं. माई दारात म्हणाल्या, "जंगलात तिचं करणार कोण?" ते म्हणाले, "मला बसवत नाहीच. करीन." हे मला त्यांनीच सांगितलं, ट्रंक माझ्या स्टेशनवरून जाताना.

मी हळहळत राहिलो. कुणी भेटलं की सांगायचो, बिचाऱ्या आठलेबाबूंना झाशी मिळाली नाही. माझं लग्न झाल्यावर सौ.लाही सांगितलं, बरेचदा सांगितलं.

त्यानंतर त्यांना पाहिलं ते एकदाच. सौ. आणि मी एका मुंजीला चाललो होतो. गाडी त्यांच्या स्टेशनवर थांबत नव्हती, पण पुढे रूळदुरुस्ती चालू असल्याने पायी चालल्यासारखी निघाली होती. पळस दिसले, विहीर दिसली, मी खिडकीला नाक लावलं.

प्लॅटफॉर्मवर आठलेबाबू हिरवा झेंडा धरून उभे होते. केस पिकलेले, कान तेवढेच. शेजारी काळा चष्मा लावलेल्या वहिनी, त्यांच्या सदऱ्याची बाही मुठीत धरून. आठलेबाबूंचं तोंड सारखं चालू होतं. आमच्या गाडीचं वर्णन त्यांना सांगत होते, हे उघड होतं. कुठल्या डब्यात कोण, कोण काय खातंय, कोण वाकून बघतंय. आणि वहिनी हसत होत्या. तोंडावर पदर न घेता, मान मागे टाकून. मी ओरडलो, "दादा!" त्यांनी झेंडा वर केला. मला ओळखलं की रेल्वेच्या नियमाप्रमाणे केला, देव जाणे. मग प्लॅटफॉर्म संपला.

मी जागेवर बसलो आणि नेहमीचं सुरू केलं. "बिचारे. झाशी मिळाली असती तर..."

सौ. शेंगा सोलत होती. आमच्या लग्नानंतर तिला बड़ा बाजारामागच्या त्या गल्लीत एक-दोनदा हळदीकुंकवाला जावं लागलं होतं, माईंच्याच घरी.

"एक विचारू?" ती म्हणाली. "झाशी हवी, झाशी हवी, हे इतकी वर्षं भावजी म्हणत होते, आणि तुम्ही म्हणताय. मी त्या माईंच्या घरी चहा प्यायले आहे. त्या घरात राहायचंय, असं वहिनी कधी म्हणाल्या होत्या का हो?"